पाणी न मारलेली फुलं

माझे बाबा फुलांवर पाणी मारत नाहीत. झेंडूचा धंदा ज्यांनी केला नाही त्यांना वाटेल, यात काय एवढं. झेंडू वजनावर विकला जातो, आणि हे फूल पाणी इतकं धरून ठेवतं की टोपलं नुसतं भिजवलं तरी काट्यावर चांगलंच जड होतं. म्हणून बरेच जण गाडीत माल भरण्याआधी दोन बादल्या मारतात, आणि विचारलं तर उन्हानं सुकू नये म्हणून मारलं असं सांगतात. घेणाऱ्याला कळतं, विकणाऱ्याला कळतं, कोणी कोणाला काही म्हणत नाही. आमचे बाबा, खुशालराव, मात्र आयुष्यभर कोरडी फुलं घेऊन काट्यापाशी उभे राहिले. माल आहे तेवढाच दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. अमरावतीच्या बाजारात लोक त्यांना मागून 'कोरडे खुशालराव' म्हणतात. आई तोंडावर म्हणते.

बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. बडनेऱ्याच्या पुढे आमचं गाव. तिथे विहिरीजवळ आमचं वावर, त्यात झेंडू आणि शेवंती. माझा धाकटा भाऊ श्याम आता सगळं बघतो, पण सकाळी फुलं तोडायला बाबा सगळ्यांच्या पुढे असतात. मी आरती. लग्न होऊन अकोल्याला आले, इथल्या एका शाळेत कारकून आहे. स्वभावानं मी आईवर गेले आहे. आम्ही दोघी एका घरात असलो की शेजाऱ्यांना टीव्ही लावावा लागत नाही.

म्हणूनच बाबांना बीपी निघाला तेव्हा आम्हाला खरं वाटेना. जन्मभर आरडाओरडा केला आम्ही मायलेकींनी, आणि बीपी कोणाला चढला, तर ज्याचा आवाज कधी चढला नाही त्याला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले असताना तो सापडला. आधी बीपी खाली आणा, मग डोळ्याचं बघू, असं सांगून डोळ्याच्या डॉक्टरांनी परत पाठवलं. मी त्यांना अकोल्याला बोलावून घेतलं आणि माझ्या घराजवळच्या डॉक्टर संध्याबाईंकडे नेलं. म्हाताऱ्या माणसांशी त्या घाई न करता बोलतात, म्हणून मला आवडायच्या. मध्ये एक वेळ अशी आली की त्यांचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं, पण ते पुढे सांगते.

सुरुवातीला एक लहानशी गोळी होती. डोळ्याच्या दवाखान्यात दोन दिवस आधी भरती केलं, तिथली नर्स स्वतःच्या हातानं गोळी द्यायची, बीपी उतरला आणि ऑपरेशन झालं, सगळं ठीक झालं असं वाटलं. दर दोन-अडीच महिन्यांनी बाबा तपासणीला अकोल्याला यायचे. पहाटेची एसटी धरायचे, उतरले की थेट दवाखान्यात. मी शाळेतून तासाभराची सवलत घेऊन तिथे पोचायचे. आणि प्रत्येक वेळी बीपी वरच. संध्याबाई कपाळाला आठी घालून दुसऱ्यांदा पट्टा बांधायच्या, दुसऱ्यांदाही तेच.

"काका, गोळी चुकत तर नाही ना?" त्या विचारायच्या.

"चुकत नाही जी," बाबा म्हणायचे.

बाबा खोटं बोलत नाहीत, हे मी संध्याबाईंना अभिमानानं सांगितलंही होतं. मग काय, लहान गोळीची मोठी गोळी झाली. तिच्या जोडीला दुसरी आली. तरी दवाखान्यात आकडा एकशे ऐंशीच्या आसपासच. मग तिसरी आली, जास्त लघवी करवणारी. घरी आईनं मीठ बंद केलं. नुसतं बाबांचं नाही, सगळ्या घराचं. लोणच्याची बरणी शेजारी गेली, ठेचा बंद झाला, आणि श्याम बिचारा माझ्याकडे आला की आधी स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबा उघडायचा.

त्यानंतर बाबा पडायला लागले.

पहिल्यांदा खाटेवरून उठताना झोक गेला आणि ते परत खाटेवरच बसले. कोणी मनावर घेतलं नाही. मग एकदा न्हाणीत भिंत धरून उभे राहिलेले आईला दिसले. मग फुलं तोडायला वाकले आणि ताठ होताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आईचे फोन वाढले. "थे उभे राहतात आन झाडासारखे हालतात, आरती," ती म्हणायची. "बोलले तं म्हनते, काही नाही होत." मी संध्याबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, उठताना सावकाश उठा, पण बीपी इतका वर असताना गोळ्या कमी करणं मला धोक्याचं वाटतं, तपासणीला घेऊन या. तपासणीला नेलं तर आकडा पुन्हा वरच. मग कमी कशा करणार?

बाबांना पडण्याची भीती वाटत होती ती का, ते सांगायला हवं. आमच्या घरासमोर गोवर्धनकाका राहतात. बाबांच्याच वयाचे, दोघं मिळून पोहायला जायचे असे दोस्त. काका तीन वर्षांपूर्वी अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर खाटेवरून उठलेच नाहीत. त्यांची खाट खिडकीशी टाकली आहे. बाबा वावरात जाता-येता खिडकीपाशी थांबतात, दोन गोष्टी बोलतात. गोवर्धनकाका दर वेळी विचारतात, "यंदा झेंडू कसा हाय?" बाबा एक फूल त्यांच्या हातात देतात.

यंदा नवरात्राच्या आठ-दहा दिवस आधी मला श्यामचा फोन आला. शाळेची वेळ होती, फी भरणाऱ्यांची रांग समोर होती.

"ताई, बाबा पडले. वावरात. डोक्यातून रक्त निघून राहिलं."

मी खिडकी तशीच सोडून निघाले. अमरावतीला पोचेपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, सगळं फेडायचं म्हटलं तर अंबादेवीच्या पायरीवरच मुक्काम करावा लागेल. दवाखान्यात बाबा कॉटवर पडलेले होते. भुवईवर टाके, गालावर माती तशीच. डोक्याचा फोटो काढला होता, त्यात काही नव्हतं. हाडं शाबूत होती. बांधावर रचलेल्या दगडावर डोकं आपटलं होतं, आणि दोन बोटं इकडे लागलं असतं तर डोळा गेला असता, असं टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

श्याम बाहेर व्हरांड्यात उभा होता. तो माझ्यासारखा तापट नाही, पण त्या दिवशी मला बघताच त्यानं सुरू केलं.

"ताई, आता बस झालं. आजपासून बाबा वावरात पाय ठेवनार नाहीत. झेंडू उभाच्या उभा देऊन टाकतो एखाद्या व्यापाऱ्याले. तू सांग त्यायले, माया तोंडून निघत नाही."

माझ्या तोंडून तरी कुठे निघत होतं? मी आत गेले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "श्याम काय म्हनते थे मले ऐकू आलं. बरोबर बोलून राहिला तो." मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "फक्त मले गोवर्धनसारखं नोको होऊ दे, बाई."

बाबांनी उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागितलं, आणि ते माझ्या हातात नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते. सगळा राग संध्याबाईंवर गेला. गोळ्यांवर गोळ्या देऊन माणूस आडवा पाडला, आता त्यांच्यासमोर बसून काय काय बोलायचं ते मी मनात जुळवायला लागले. तपासणीची वेळ तीन दिवसांवर होती. मी आईला आणि बाबांना सरळ अकोल्याला माझ्या घरी घेऊन आले.

माझ्या घरी बाबांना एकदाही चक्कर आली नाही. दुसऱ्या दिवशी तर ते न धरता न्हाणीपर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन माझ्या तुळशीच्या कुंडीतली माती मोकळी करून आले. माझ्या स्वयंपाकाचा गुण, असं मी आईला ऐकवलंही. आईनं माझ्या वरणाकडे बघितलं आणि काही बोलली नाही, ती गप्प बसली की समजायचं, उत्तर फार लागणारं आहे.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी पोहे केले. बाबांच्या पुढे बशी ठेवली, पाणी ठेवलं, आणि गोळ्यांची पाकिटं मागितली. एरवी त्यांच्या गोळ्या ते स्वतःच घेतात, कोणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी मात्र दवाखान्यात भांडायचं होतं, आणि भांडायला जायचं तर आपली बाजू पक्की पाहिजे, म्हणून मला गोळी माझ्या डोळ्यांसमोर पोटात गेलेली बघायची होती.

बाबांनी बशी हळूच बाजूला सरकवली. "आज नाही घेत. आज तपासनी हाय ना."

"मंग?" मी विचारलं. बाबांशी बोलताना माझी जीभ आपोआप गावाकडे जाते.

"तपासनी हाय म्हनून बंद हाय. परवापासूनच बंद केल्या मी."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं. "कावून?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू इतकी साधी गोष्ट मुलीला सांगावी लागते याचं त्यांना नवल वाटतंय. "अवं, गोळी खाऊन गेलो तं बीपी कमी दिसन. थ्या मॅडमले वाटन, म्हातारा बरा झाला. थे तं फुलायवर पानी मारून काट्यावर ठेवल्यासारखं झालं. मी कधी मारलं का पानी? दोन दिवस आंधीच गोळ्या सोडून देतो, मांगचाही असर राहू नये. मंग जातो. जसा हाय तसा दिसलो पायजे."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्या हातात चहाची गाळणी होती आणि तिच्यातून फरशीवर चहा गळत होता.

"दर येळी?" मी विचारलं.

"दर येळी. पयल्या दिवसापासून."

"आन मॅडम इचारतात, गोळी चुकत तं नाही, तवा?"

"चुकतच नाही ना. मी कुठी खोटं बोललो? तपासनीच्या टायमाले मुद्दाम सोडतो, बाकी एक दिवस चुकवत नाही."

मी खाली बसले. खुर्ची होती तरी फरशीवरच बसले. मला हसू येत होतं आणि त्यातच रडूही येत होतं, आणि कोणतं आधी बाहेर काढावं ते समजत नव्हतं. म्हणजे दवाखान्यात जो बीपी दिसत होता तो गोळ्या सोडलेल्या माणसाचा. संध्याबाई त्या आकड्याला बघून गोळ्या वाढवत होत्या. आणि गावी परत गेल्यावर बाबा त्या वाढलेल्या गोळ्या एकही न चुकवता घेत होते, पहाटे, रिकाम्या पोटी, वाकून फुलं तोडायला जायच्या आधी. आमचा माणूस आजारानं पडत नव्हता. माझ्या घरी बरा होता तो माझ्या वरणामुळे नव्हता, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

आईनं गाळणी खाली ठेवली. "लोनचं गेलं माया घरातलं," ती म्हणाली. "समद्या घराले अळनी खाऊ घातलं मी. आन हे माणूस." पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. पदरानं डोळे पुसले आणि फरशीवरचा चहा पुसायला लागली.

दवाखान्यात आम्ही तिघंही गेलो. भांडायची तयारी केलेली सगळी वाक्यं माझ्याजवळ तशीच पडून राहिली. संध्याबाईंनी पट्टा बांधला, आकडा नेहमीसारखा वर, आणि त्यांचा हात चिठ्ठीच्या कागदाकडे जायला लागला तेव्हा मी म्हटलं, "थांबा मॅडम." आणि सगळं सांगितलं. झेंडूचं, पाण्याचं, दोन दिवसांचं, पडल्याचं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाबांच्या भुवईवरच्या टाक्यांकडे बघितलं. "मी दर वेळी 'चुकत नाही ना' एवढंच विचारलं," त्या म्हणाल्या. "आज सकाळी घेतली का, हे विचारायला पाहिजे होतं. ते मी विचारलं नाही." इतकं सरळ बोलल्यावर भांडायचं तरी कोणाशी?

मग त्यांनी समजावून सांगितलं. या वयात बीपी वाढला तर डोक्याला आणि हृदयाला धोका, म्हणून गोळी हवीच, ती सोडायची नाही. पण गरजेपेक्षा जास्त गोळी झाली तर माणूस उभा राहिला की बीपी एकदम उतरतो, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि तो पडतो. पडलेला म्हातारा माणूस उठेलच याची खात्री नसते. म्हणून तपासणीच्या दिवशी गोळी घेऊनच यायचं.

बाबांनी मान हलवली. ही मान मी ओळखते. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यापुढे ते अशीच मान हलवतात आणि माल उचलून पुढच्या काट्याकडे जातात.

"मॅडम, एक इचारू का?" ते म्हणाले. "गोळी खाऊन आलो तं तुमाले अस्सल बीपी कसा समजन? गोळी तं त्याले दाबून ठेवते. थे फसवनंच झालं ना?"

संध्याबाई उत्तर द्यायला निघाल्या, पण आईनं त्यांना थांबवलं. सकाळपासून तिनं जे धरून ठेवलं होतं ते आता सुटलं.

"आवो, तुमी वावरात पानी सोडता. शेवटच्या सरीले पानी पोचलं का नाही, हे पाह्याले कधी जाता? मोटर लावायच्या आंधी जाता का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मंग कधी जाता?"

"मोटर चालू झाल्यावर."

"झाल्यावर ना? मोटर बंद ठिवून, कोरड्या सरीत उभं राहून कोनी म्हनते का, पानी पुरलं नाही, अजून एक मोटर लावा? तुमी दर येळी ह्या बाईले कोरडं वावर दाखोलं. थ्या बिचाऱ्या मोटरीवर मोटर लावत गेल्या. आन घरी आल्यावर तुमी तिन्ही मोटरी संगच चालू केल्या. मंग वावर वाहून नाही जाईन तं काय होईन?"

बाबा खाली बघत राहिले, आणि अंगठ्यानं तळहातावरचा झेंडूचा पिवळा डाग घासत राहिले. तो डाग कधीच जात नाही.

"त्या गोळीचं काम बघायचं असतं, काका," संध्याबाई हळूच म्हणाल्या. "तुमचा आजार मला माहीत आहे. गोळी पुरते की जास्त होते, एवढंच मला बघायचं आहे."

"हं," बाबा म्हणाले. आमच्या घरात हा होकार धरतात.

तिसरी गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली. बाकीच्या दोन सकाळी काहीतरी खाऊन घ्यायच्या, रोज, तपासणी असो की नसो. आठवडाभर बाबांनी माझ्याकडेच राहायचं आणि घरी मशीनवर बीपी बघायचा, आधी शांत बसून, मग उभं राहून. पहिल्याच दिवशी, गोळ्या घेतल्यावर, बसलेले असताना बाबांचा आकडा इतका छान आला की मी मशीन खराब आहे असं समजून स्वतःला लावून बघितलं. माझा मात्र वर निघाला, आई म्हणाली ते स्वभावाचं आहे. उभे राहिल्यावर बाबांचा वरचा आकडा भराभर खाली गेला, शंभराच्याही खाली. बाबांनी खुर्चीची पाठ धरली. तिसरी गोळी नसताना हे, तर ती असताना वावरात काय होत असेल, याचा विचार करत मी आकडा वहीत लिहिला.

आठवड्यानं संध्याबाईंनी ते आकडे बघून एक गोळी पार बंद केली. उरली एकच. वर्षभर कष्टानं चढवलेल्या दोन गोळ्या खाली आल्या. त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी जीव मुठीत धरून मशीन लावत होते, पण बसून आणि उभं राहून आकड्यात फारसा फरक पडेना. बाबा उठताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचे, मग उभे राहायचे, मग चालायचे. झोक जायचा थांबला. मीठ बेतानं, म्हणजे थोडं, पण घ्यायचं, असं संध्याबाईंनी सांगितलं तेव्हा आईनं त्याच दिवशी गावी फोन करून शेजारणीकडून लोणच्याची बरणी परत मागवली. बाबांना त्यातली फोड द्यायची नाही हे ठरलं, पण बरणी घरात असली की तिला बरं वाटतं.

मी श्यामला फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हंजे डोक्यात काही नाही त्याइच्या?" त्यानं विचारलं.

"डोक्यात इमानदारी आहे. बाकी काही नाही."

तो हसायला लागला, आणि हसता हसता मला फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. मग मीही रडले. दोघं भाऊ-बहीण चांगली मोठी माणसं, फोन कानाला लावून रडत होतो, आणि इतकं बरं वाटत होतं की कोणी फोन ठेवेना. शेवटी श्याम म्हणाला, "मंग झेंडू व्यापाऱ्याले नाही देत ना?" मी म्हटलं, नाही देत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. बाबा सकाळी पोहे खाऊन, गोळी घेऊन, थोडं थांबून वावरात आले. काठी श्यामनं जबरदस्तीनं दिली होती, ती त्यांनी बांधावर ठेवली आणि तिच्याकडे परत बघितलं नाही. पण एका ओळीत फुलं तोडून झाली की टोपल्याच्या काठावर क्षणभर टेकायचे, मग सावकाश उठायचे. मी मागे मागे होते, दोन्ही हात तयार ठेवून. श्यामची बायको दीपमाला मला म्हणाली, "ताई, तुमी फुलं तोडा, नाहीतं घरी जा, बाबा काही काचेचे नाहीत." मी फुलं तोडायला लागले. परत येताना बाबा गोवर्धनकाकांच्या खिडकीशी थांबले आणि मूठभर फुलं आत दिली.

"यंदा झेंडू कसा हाय?" काकांनी विचारलं.

"चांगला हाय," बाबा म्हणाले. "आन मीही."

माल अमरावतीला गेला. पाणी न मारताच गेला. काट्यावरच्या माणसानं टोपलं हलवून बघितलं, "खुशालराव, दसऱ्यालेही कोरडंच?" असं म्हणाला, आणि बाबांनी नेहमीसारखं पुढचं टोपलं काट्यावर ठेवलं.

दिवाळीनंतर पुढची तपासणी होती. त्या वेळी बाबा एकटेच एसटीनं आले, मी आणायला जाते म्हटलं तर ऐकलं नाही. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते बाकावर बसलेले होते, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की मला क्षणभर वाटलं, पुन्हा पडले की काय. विचारलं तर म्हणाले, काही नाही.

नंबर आला. आत जाऊन बाबा खुर्चीत बसले. संध्याबाई पट्टा घेऊन उठल्या, आणि बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मॅडम, आंधीच सांगून ठेवतो," ते म्हणाले. त्यांची मान खाली होती. "मी गोळी खाऊन आलो हाय. सकाळी, भाकरीसंग. कालही खाल्ली होती. आता जे दिसन थे पानी मारलेलं हाय, तुमी तसंच समजून घ्या."

मी हसणार होते. संध्याबाईंकडे बघितलं आणि हसले नाही. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला, पट्टा बांधला, आणि मशीन सुरू केलं. वरचा आकडा एकशे छत्तीस होता. मग त्यांनी बाबांना उभं केलं आणि पुन्हा बघितलं. थोडासा उतरला, बस तेवढाच.

"काका," त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा मला खरा आकडा दिसला."

बाबांनी वर बघितलं. त्यांना ते पटायला जरा वेळ लागला, आणि पटलं तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. मग टोपी सारखी केली आणि उभे राहिले. मी सवयीनं हात पुढे केला. तो त्यांना लागला नाही. दार उघडून ते माझ्या पुढे चालत बाहेर गेले आणि मागे वळून म्हणाले, "चाल लवकर, दुपारची एसटी भेटते. उद्या शेवंती तोडाची हाय."